सूज आणि दुखण्यावरील वनौषधी : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

गुडघा सुजला, कंबरेत उसण भरली किंवा खेळताना पाय मुरगळला, की आपल्याकडे घरात दोन सल्ले एकाच वेळी पुढे येतात. एक जण गोळी घे म्हणतो आणि दुसरा निर्गुडीचा पाला शेकून बांध म्हणतो. दोन्ही सल्ल्यांना आधार आहे. वेदनाशामक गोळी लवकर काम करते, परंतु ती महिनोन्‌महिने चालू राहिली तर जठराला आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, आणि म्हणूनच जुने दुखणे असलेली अनेक माणसे वनौषधींकडे वळतात. मात्र वळताना बहुतेकांची सुरुवात उलट्या क्रमाने होते. आधी कोणीतरी सांगितलेला काढा किंवा कॅप्सूल पोटात जाते, मग ती वनस्पती कोणती याची चौकशी होते, आणि आपले दुखणे नेमके कशामुळे आहे हा प्रश्न सर्वांत शेवटी येतो. आधी दुखणे ओळखावे, मग वनस्पतीची खात्री करावी, त्यानंतर बाहेरून उपचार करावा आणि गरज उरली तरच पोटात औषध घ्यावे, हा सुरक्षित क्रम आहे. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

पहिली पायरी : दुखणे कोणत्या जातीचे आहे ते पाहणे

सूज ही शरीराने इजेला दिलेली प्रतिक्रिया असते. इजा झालेल्या जागी रक्तपुरवठा वाढतो, केशवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपतो, आणि प्रोस्टाग्लँडिनसारखी रसायने तयार होऊन तिथल्या वेदनेच्या नसा अधिक हळव्या होतात. ॲस्पिरिनसारखी औषधे ही रसायने तयार होण्याचे काम रोखतात, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवले आणि त्या कामासाठी १९८२ चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. सूज कमी करणाऱ्या अनेक वनस्पतींतील द्रव्ये याच किंवा याला लागून असलेल्या मार्गांवर परिणाम करतात. त्यामुळे वनौषधींना गोळीसारखे दुष्परिणाम असूच शकत नाहीत, ही समजूत पहिल्याच पायरीवर सोडून द्यावी. जे द्रव्य शरीरात काही घडवते, ते चुकीच्या माणसात किंवा चुकीच्या मात्रेत नको तेही घडवू शकते.

व्यवहारासाठी दुखण्याचे चार गट पुरेसे आहेत. पहिला गट ताज्या इजेचा, म्हणजे मुका मार, मुरगळ आणि लचक यांचा. दुसरा गट स्नायूंच्या दुखण्याचा. यात उसण, मान अवघडणे आणि श्रमाने आलेली अंगदुखी येते. तिसरा गट झिजेच्या सांधेदुखीचा. यात उतारवयातील गुडघे सर्वांत जास्त आढळतात आणि दुखणे जिना चढता-उतरताना वाढून विश्रांतीने कमी होते. चौथा गट आमवाताचा. त्यात हातांचे छोटे सांधे दोन्ही बाजूंनी सुजतात, सकाळी उठल्यावर बोटे अर्धा-पाऊण तास किंवा त्याहून जास्त वेळ आखडलेली राहतात, आणि सोबत थकवा किंवा बारीक ताप असतो. या चौथ्या गटातील रुग्णाने घरगुती उपायांत महिने घालवणे मला अत्यंत चुकीचे वाटते. आमवातात सांध्याची हानी आजाराच्या सुरुवातीच्या काळातच होऊ लागते आणि झालेली हानी कोणत्याही पाल्याने भरून येत नाही. संधिवाततज्ज्ञाचे उपचार सुरू करून, त्यांच्या संमतीने शेक किंवा लेप जोडीला ठेवता येतो.

काही लक्षणे अशी आहेत की ती दिसताच हा लेख बाजूला ठेवून दवाखाना गाठावा. एखादा सांधा अचानक लाल, गरम होऊन सुजणे आणि सोबत ताप येणे, हे सांध्यात जंतुसंसर्ग झाल्याचे लक्षण असू शकते. पडल्यानंतर पायावर भार देता न येणे म्हणजे हाड मोडले असण्याची शक्यता आहे. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, तर शिरेत रक्ताची गुठळी झाली असू शकते आणि अशा पोटरीला मालिश करणे घातक ठरते. कंबरदुखीबरोबर पाय बधिर होणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणे ही तातडीची अवस्था आहे. छाती, जबडा किंवा डाव्या हातात येणारी कळ वाताची आहे असे गृहीत धरून तेल चोळत बसू नये.

दुसरी पायरी : वनस्पतीची खात्री

सुरुवातीला दहा वनस्पतींची नावे पाठ करण्यापेक्षा तीन वनस्पती पक्क्या ओळखता येणे अधिक उपयोगाचे आहे. माझ्या मते त्या तीन म्हणजे निर्गुडी, आंबेहळद आणि सुंठ. निर्गुडी महाराष्ट्रात ओढ्याकाठी, शेताच्या बांधावर आणि कुंपणाला सहज सापडते. तिच्या एका देठावर तीन किंवा पाच लांबट, टोकदार पर्णिका पसरलेल्या असतात. पान वरून हिरवे आणि खालून बारीक लवेमुळे पांढुरके दिसते. फांदीच्या टोकाला निळसर-जांभळ्या लहान फुलांचे तुरे येतात, आणि पान चुरगळले की उग्र वास हाताला बराच वेळ राहतो. या चार खुणा एकत्र जुळल्या तरच पाला तोडावा. पर्णिकांची संख्या एकटी पाहून निर्णय घेऊ नये, कारण संयुक्त पाने असलेल्या वनस्पती पुष्कळ आहेत.

ओळखीचा हा आग्रह कशासाठी, हे गुळवेलीच्या उदाहरणावरून समजते. कोविडच्या काळात लोकांनी गुळवेलीचे काढे मोठ्या प्रमाणावर घेतले. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी अशा काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि गुळवेलीच्या जवळच्या, दिसायला सारख्या पण वेगळ्या जातीचा वापर झाला असण्याची शक्यता मांडली. हा वाद मी येथे सोडवू शकत नाही, परंतु नवख्या माणसाने त्यातून दोन्ही बाजूंचे म्हणणे घ्यावे. वनस्पती खरी असली तरी ती यकृताचा आजार असलेल्याला किंवा दीर्घकाळ घेणाऱ्याला बाधू शकते, आणि खोटी असली तर धोका वाढतो. औषधी गुळवेलीचे पान हृदयाच्या आकाराचे असते आणि खोडावरची कागदासारखी पातळ साल सहज सुटते. तिच्या त्या दुसऱ्या जातीच्या खोडावर मात्र ठळक गाठीगाठी दिसतात. रास्ना या वातावरच्या औषधी वनस्पतीच्या बाबतीत तर देशाच्या वेगवेगळ्या भागांत याच नावाखाली निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात. त्यामुळे एखाद्या केरळी औषधकृतीतील रास्ना आणि उत्तरेकडील दुकानातील रास्ना एकच असेल असे धरून चालू नये.

आंबेहळदीचा ताजा कंद कापला की कैरीसारखा वास येतो, आणि स्वयंपाकाच्या हळदीपेक्षा तिचा रंग बराच फिकट असतो. सुंठ विकत घेताना ती पावडरीच्या रूपात न घेता अख्खी घ्यावी. अख्ख्या सुंठीत कीड, बुरशी किंवा भेसळ डोळ्यांना दिसते आणि कुटल्यावर तिखट वास उठला नाही तर ती जुनी आहे हेही कळते.

तिसरी पायरी : लेप

बाहेरून करायच्या उपचारांत लेप सर्वांत सोपा आणि सर्वांत सुरक्षित आहे. मुका मार किंवा मुरगळ ताजी असेल, तर पहिले ४८ तास शेक आणि चोळणे दोन्ही टाळावे. त्या काळात दुखरा भाग उंच ठेवावा, विश्रांती द्यावी आणि फडक्यात गुंडाळलेला बर्फ एका वेळी १०-१५ मिनिटे लावावा. याच अवस्थेत आंबेहळदीचा थंड लेप चालतो. सहाणेवर थोडे पाणी घेऊन वाळलेली आंबेहळद दाट गंध होईपर्यंत उगाळावी आणि सुजलेल्या भागावर सर्व बाजूंनी लावावी. कातडी फाटली असेल किंवा रक्त येत असेल तर लेप अजिबात लावू नये.

जुन्या, थंड आणि जड वाटणाऱ्या सुजेसाठी सुंठीचा कोमट लेप वापरतात. सुंठ उगाळून किंवा तिचे चूर्ण कोमट पाण्यात कालवून पळीत किंचित गरम करावे आणि सोसेल इतक्या उष्णतेचे असताना लावावे. सुंठ तीक्ष्ण असल्यामुळे नाजूक कातडीवर लाली येऊ शकते. म्हणून कोणताही लेप पहिल्यांदा लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा ठिपका लावून अर्धा तास वाट पाहावी आणि दुसऱ्या दिवशी ती जागा पुन्हा पाहावी.

लेपाचे जुने नियम आजही तंतोतंत उपयोगी पडतात. लेप केसांच्या उलट दिशेने लावावा, म्हणजे तो कातडीला नीट भिडतो. तो पूर्ण वाळून तडकेपर्यंत ठेवू नये, कारण वाळलेला लेप कातडी ओढतो आणि खाज आणतो. कडेला रंग फिका पडू लागला की कोमट पाण्याने भिजवून काढावा. रात्री लेप लावून झोपू नये. आणि एकदा काढलेला लेप पुन्हा ओला करून वापरू नये.

चौथी पायरी : शेक

स्नायूंचे दुखणे आणि झिजेची सांधेदुखी यांना शेकाचा चांगला गुण येतो. त्यासाठी निर्गुडीची दोन-तीन मुठी पाने धुऊन, पाणी निथळू देऊन, लोखंडी तव्यावर मंद आचेवर परतावीत. पाने आधी मऊ पडतात, मग त्यांचा रंग गडद होतो आणि वास खोलीभर पसरतो. त्या वेळी ती सुती फडक्यात घेऊन पुरचुंडी बांधावी. पुरचुंडी प्रथम स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावी आणि मगच दुखऱ्या भागावर हलकेच टेकवत, उचलत, जागा बदलत शेकावे. एका जागी दाबून धरू नये. दोन पुरचुंड्या केल्या तर एक तव्यावर तापत असताना दुसरी वापरता येते. १५ मिनिटे पुरतात. शेकानंतर लगेच पंख्याखाली किंवा गार वाऱ्यात बसू नये, आणि पुढची १० मिनिटे तो सांधा सावकाश वाकवून-सरळ करून घ्यावा. शेकाने स्नायू सैल झालेले असताना केलेली ही हालचालच बऱ्याचदा खरा फायदा देते, आणि नेमकी तीच लोक विसरतात.

मधुमेह असलेल्या माणसाच्या तळपायाची संवेदना कमी झालेली असू शकते आणि मग भाजल्याचे त्याला कळत नाही. अशा वेळी शेक दुसऱ्याने, कोमटच द्यावा किंवा टाळावा. सांधा स्पर्शाला गरम आणि लालसर असेल तर कोणत्याही वयात शेक देऊ नये. आमवातातील सुजलेल्या सांध्यांना तेल चोळू नये, अशी आयुर्वेदाचीही पूर्वापार सूचना आहे. तिथे वाळूच्या पुरचुंडीचा कोरडा शेक सांगितला आहे, आणि तोही वैद्यांच्या देखरेखीखाली घेणे बरे.

एरंडाचे पान तेल लावून तव्यावर गरम करून गुडघ्याला बांधण्याची पद्धत गावोगावी आहे आणि ती निर्धोक आहे. एरंडाच्या बिया मात्र अत्यंत विषारी असतात, म्हणून घरात लहान मुले असतील तर बियांचे घोस लागलेली फांदी तोडून आणू नये. रुईचे पानही असेच बांधतात, परंतु तिचा चीक डोळ्यात गेल्यास बुबुळाला गंभीर इजा होते. मला विचाराल तर निर्गुडी किंवा एरंड उपलब्ध असताना रुईच्या वाटेला जाण्याचे काहीच कारण नाही. बिब्ब्याबाबत तर माझे मत स्पष्ट आहे : नवख्याने त्याला हातही लावू नये. बिब्बा उतला की अंगावर फोड येतात, कातडी काळी पडते, आणि काहींना केवळ फोडलेल्या बिब्ब्याजवळ बसल्यानेही त्रास होतो. त्याची शुद्धी आणि वापर हे वैद्यांचे काम आहे.

पाचवी पायरी : निर्गुडीचे तेल घरी करणे

बाजारात निर्गुडी तेल तयार मिळते आणि चांगल्या औषधनिर्मात्याचे असेल तर ते वापरायला हरकत नाही. तरीही एकदा घरी करून पाहण्याने तेल कशाचे बनते आणि चांगले तेल कसे ओळखायचे हे हाताला कळते. पहिल्या वेळी १०० मिली तिळाच्या तेलापुरतेच करावे. तेलसिद्धीचे प्रमाण असे आहे की तेलाच्या चौपट काढा आणि काढा वापरल्यास तेलाच्या सुमारे एक षष्ठांश कल्क, म्हणजे पाने वाटून केलेला गोळा. म्हणजे १०० मिली तेलाला ४०० मिली काढा आणि साधारण १५ ग्रॅम कल्क लागेल.

काढ्यासाठी २०० ग्रॅम ताजी पाने बारीक चिरून १.६ लिटर पाण्यात उघड्या पातेल्यात, मंद आचेवर ४०० मिली उरेपर्यंत आटवावीत आणि गाळून घ्यावीत. कल्कासाठी थोडी पाने वेगळी ठेवून पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये अगदी कमी पाण्यात वाटावीत. मग जाड बुडाच्या, पसरट आणि तेलाच्या मानाने बऱ्याच मोठ्या भांड्यात तेल, काढा आणि कल्क एकत्र करून मंद आचेवर ठेवावे. मोठे भांडे घ्यायचे कारण शेवटी कळते, कारण तेल तयार होताना वर फेस येतो. मधूनमधून उलथन्याने तळ खरवडत राहावे, नाहीतर कल्क बुडाला लागून तेलाला करपट वास येतो.

सुरुवातीला कल्क चिखलासारखा असतो आणि उलथन्याला चिकटतो. पाणी आटत गेले की तो गोळा होऊ लागतो. या टप्प्यावर चमच्याने थोडा कल्क काढून, गार करून, दोन बोटांत वळून पाहावा. बोटांना न चिकटता त्याची वात वळता आली, तर ती वात चिमट्याने ज्योतीवर धरावी. तडतड आवाज झाला तर आत अजून पाणी आहे. आवाज न होता ती जळली आणि त्याच वेळी भांड्यातील तेलावर फेस दिसू लागला, तर तेल सिद्ध झाले. तुपाच्या बाबतीत खूण नेमकी उलटी असते, तिथे फेस शांत होतो. आच लगेच बंद करून तेल कोमट असतानाच पूर्ण कोरड्या फडक्यातून गाळावे. पाण्याचा अंश राहिलेले तेल थोड्याच दिवसांत खवट होते, म्हणून ही वातीची परीक्षा घाईने उरकू नये. हे काम एका बैठकीत दीड-दोन तास मागते. आच मोठी करून ते लवकर संपवण्याचा मोह टाळावा आणि भांडे सोडून जाऊ नये.

तेल काचेच्या कोरड्या बाटलीत भरून त्यावर नाव आणि तारीख लिहावी आणि ते फक्त बाहेरून लावण्यासाठी आहे असेही लिहावे. लावताना थोडे कोमट करून, हलक्या हाताने, ५ ते १० मिनिटे लावावे आणि नंतर वर सांगितलेला शेक घ्यावा. जोर लावून रगडण्याने सुजलेल्या भागाचे नुकसानच होते.

सहावी पायरी : पोटात घ्यायची औषधे

बाहेरच्या उपचारांनी दोन-तीन आठवड्यांत पुरेसा फरक पडला नाही आणि दुखणे झिजेचे किंवा स्नायूंचे आहे याची डॉक्टरांकडून खात्री झाली असेल, तरच येथे यावे. गरोदर स्त्रिया, स्तनदा माता, लहान मुले आणि यकृत किंवा मूत्रपिंडाचे आजार असलेले यांनी वैद्यांना विचारल्याशिवाय यातील काहीही घेऊ नये. स्वयंपाकात पडते तेवढी हळद आणि आले यांना अर्थातच ही मनाई नाही.

हळदीबद्दल आपल्याला वाटणारी आपुलकी साहजिक आहे. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्यावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिले गेले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआर या केंद्र सरकारच्या वैज्ञानिक संशोधन संस्थेने त्याला आव्हान देऊन ते १९९७ मध्ये रद्द करून घेतले. सांगलीच्या आणि वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. परंतु औषध म्हणून हळदीकडे पाहताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. सूज कमी करणारे कर्क्युमिन हे हळदीच्या पावडरीत साधारण ३ टक्क्यांच्या आसपास असते, आणि जे असते त्यातलेही फार थोडे आतड्यातून रक्तात जाते. मिऱ्यातील पायपेरीनबरोबर दिल्यास माणसात कर्क्युमिनचे शोषण सुमारे २० पट वाढते, असे बंगळूरमधील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले. त्यानंतर जास्त शोषण होणाऱ्या कॅप्सूलची बाजारपेठ उभी राहिली, आणि त्याच कॅप्सूल घेणाऱ्यांमध्ये यकृताला इजा झाल्याच्या नोंदी इटलीसह काही देशांत झाल्या. त्यामुळे नवख्याने कॅप्सूलपासून दूर राहून दिवसाला १ ते ३ ग्रॅम हळद, म्हणजे अर्धा ते एक चहाचा चमचा, जेवणात किंवा दुधातून घ्यावी. पित्ताशयात खडे असलेल्यांनी तेवढीही औषध म्हणून घेऊ नये. हळदीच्या पावडरीत रंगासाठी शिसेयुक्त लेड क्रोमेट मिसळल्याचे प्रकार उघड झाले आहेत. म्हणून हळकुंडे घेऊन दळून आणणे चांगले, आणि झगझगीत पिवळी हळकुंडे टाळलेली बरी, कारण ती वरून रंगवलेली असू शकतात.

सुंठ ही मला सुरुवातीसाठी सर्वांत योग्य वाटते. दिवसाला १ ते २ ग्रॅम चूर्ण, दोन भागांत, जेवणानंतर कोमट पाण्याबरोबर किंवा गुळाच्या छोट्या खड्याबरोबर घ्यावे. आले वाळताना त्यातील जिंजेरॉलपासून शोगाओल तयार होते आणि त्यामुळे सुंठ आल्यापेक्षा तीक्ष्ण असते. आम्लपित्त, तोंड येणे किंवा मूळव्याधीतून रक्त जाणे असा त्रास असेल तर सुंठ चालत नाही. भर उन्हाळ्यात मात्रा निम्मी करावी.

सालईचा डिंक, म्हणजे शल्लकी, हा विदर्भाच्या आणि सातपुड्याच्या कोरड्या जंगलांत वाढणाऱ्या वृक्षाचा आहे. त्यातील बोस्वेलिक आम्ले ल्युकोट्राइन नावाची सूज वाढवणारी रसायने तयार करणाऱ्या एन्झाइमला रोखतात, म्हणजे त्यांचा रस्ता नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांपेक्षा थोडा वेगळा आहे. नागपूरच्या संशोधकांनी गुडघ्याच्या झिजेच्या ३० रुग्णांवर केलेला आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास शल्लकीच्या बाजूचा होता. वेदना कमी झाली आणि गुडघा वाकवण्याची क्षमता वाढली. ३० ही संख्या लहान आहे हे विसरू नये. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास ४४० रुग्णांचा होता. सुंठ, गुळवेल, शल्लकी, गुग्गुळ यांच्या मिश्रणांची तुलना त्यात सेलेकॉक्सिब ही वेदनाशामक गोळी आणि ग्लुकोसामाइन हे सांधेदुखीवर दिले जाणारे पूरक यांच्याशी केली गेली, आणि गुडघेदुखीवरील परिणाम तुल्यबळ आढळला. त्याच अभ्यासात काही रुग्णांच्या रक्तात यकृताचे एक एन्झाइम वाढले आणि औषध थांबवल्यावर पूर्ववत झाले. या दोन्ही बाबी एकत्र वाचल्या म्हणजे अशी मिश्रणे का देखरेखीखाली घ्यावीत हे वेगळे सांगावे लागत नाही.

गुग्गुळाबद्दल आणखी एक काळजी आहे. राजस्थान-गुजरातच्या रुक्ष भागात वाढणारे हे झुडूप डिंकासाठी ओरबाडले गेल्यामुळे अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत गेले आहे. शिवाय त्याचे शोधन करूनच ते पोटात द्यायचे असते आणि थायरॉइडच्या औषधांवर त्याचा परिणाम होऊ शकतो. स्वतःच्या मनाने घ्यायच्या औषधांच्या यादीत त्याला स्थान नाही.

काढा करायचा झाल्यास १० ग्रॅम भरड १६० मिली पाण्यात ४० मिली उरेपर्यंत आटवून, गाळून, त्याच दिवशी घ्यावा. पारिजातकाच्या पानांचा काढा कंबरेपासून पायात जाणाऱ्या नसेच्या दुखण्यावर (सायटिका) परंपरेने देतात. तो फार कडू असतो आणि काहींना मळमळ होते, म्हणून पहिल्या दिवशी निम्माच घेऊन पाहावा. ॲल्युमिनियमच्या भांड्यात काढा करू नये.

सातवी पायरी : नोंद ठेवणे आणि थांबणे

एका वेळी एकच औषध सुरू करावे. सुंठ, शल्लकी आणि काढा एकदम सुरू केला आणि अंगावर पुरळ आले, तर दोष कोणाचा हे कधीच कळत नाही. गुण आला तरीही कळत नाही. रोज झोपण्यापूर्वी वहीत दुखण्याला ० ते १० पैकी अंक द्यावा. सोबत एक ठरावीक काम लिहावे, उदाहरणार्थ आज किती पायऱ्या न थांबता चढलो, मांडी घालून किती वेळ बसता आले. नुसता अंक मनःस्थितीप्रमाणे हलतो, केलेले काम सहसा हलत नाही. पोटातील औषधाला चार ते सहा आठवडे द्यावेत आणि वहीत फरक दिसत नसेल तर ते बंद करावे. केवळ नैसर्गिक आहे म्हणून वर्षानुवर्षे चालू ठेवू नये.

डोळे पिवळे होणे, लघवी गडद पिवळी होणे, भूक एकदम जाणे, उजव्या बरगडीखाली दुखणे, काळी शौचास होणे किंवा अंगाला खाज सुटणे यांपैकी काहीही झाले तर औषध त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांकडे जावे आणि जाताना औषधाची बाटली किंवा पाला सोबत न्यावा.

आठवी पायरी : विकत घेताना

तयार औषधावर निर्मात्याचा परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकांची यादी, निर्मितीची आणि मुदत संपण्याची तारीख असते. यातील एकही गोष्ट नसेल तर ते घेऊ नये. नावात रस, भस्म किंवा सिंदूर असेल तर त्यात धातू किंवा खनिज असण्याची शक्यता असते आणि अशी औषधे वैद्यांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नसतात. अमेरिकेतील बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी गावाहून येणाऱ्या डब्यांबाबत ही माहिती ध्यानात ठेवावी.

त्याहून मोठा धोका बिननावाच्या पुड्यांचा आहे. सांधेदुखीवर रामबाण म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांत स्टेरॉइड किंवा वेदनाशामक गोळ्यांची भुकटी मिसळलेली आढळते. जुने दुखणे एका दिवसात नाहीसे झाले, भूक अचानक वाढली, काही आठवड्यांत चेहरा गोल व सुजकट झाला आणि साखर किंवा रक्तदाब वाढला, तर संशय घ्यावा. अशी पुडी बराच काळ घेतली असेल तर ती एकदम बंद करू नये, कारण शरीराने स्वतःचे स्टेरॉइड बनवणे कमी केलेले असते आणि अचानक थांबल्याने जीव धोक्यात येऊ शकतो. उरलेली पुडी घेऊन डॉक्टरांना भेटावे आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे ती कमी करत न्यावी.

शेवटी, रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी, म्हणजे वॉर्फरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रोजची ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी, हळद, सुंठ किंवा लसूण औषधी मात्रेत घेण्याआधी आपल्या डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे, कारण रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. मधुमेहाच्या औषधांबरोबर साखर जास्त उतरण्याची शक्यता असते. कोणतीही शस्त्रक्रिया किंवा दात काढणे ठरले असेल तर पोटातील वनौषधी सुमारे दोन आठवडे आधी थांबवाव्यात. दवाखान्यात कोणती औषधे चालू आहेत असे विचारले जाते तेव्हा काढा, चूर्ण आणि तेल यांची नावेही मात्रेसह सांगावीत; वही सोबत असेल तर तिचे ते पान सरळ डॉक्टरांपुढे ठेवावे.